कुंकू लावलेला गोऱ्हा

गोऱ्ह्याला टेम्पोत गप्प ठेवायची युक्ती हयवदनला ठाऊक होती. दोन बोटं त्याच्या तोंडात द्यायची. आठ-दहा दिवसांचं ते पोर, बोटांना आचळ समजून चोखत राहतं, हंबरत नाही. गोठ्यापासून कोरड्या तळ्यापर्यंतची वाट तेवढ्यावर निभते. तिथे पोचलं की बोटं काढायची, गोऱ्ह्याला खाली उतरवायचं आणि ड्रायव्हरला म्हणायचं, "चला." मागे बघायचं नाही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. असली कामं करणारा माणूस ते आपोआप शिकतो.

गोठा होसकोट्याच्या पुढे, चिंतामणीच्या रस्त्याला. मालक मात्र बंगळुरात, महादेवपुऱ्यातल्या एका टोलेजंग कॉम्प्लेक्समधली मराठी घरं. पुण्याहून, मुंबईहून, नागपूरहून आलेली, कॉम्प्युटरवर पोट भरणारी. पिशवीतल्या दुधावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी वर्गणी काढून देशी गाई घेतल्या, माळाचा एक तुकडा भाड्याने घेतला आणि रोज सकाळी काचेच्या बाटलीतून दूध दारात येऊ लागलं. गाईंना नावं होती. कालवड जन्मली की ग्रुपवर मतदान घेऊन बारसं व्हायचं. गोऱ्हा जन्मला की ग्रुपवर शांतता.

कारण गोऱ्हा दूध देत नाही. नांगराला आता बैल लागत नाही. खाटकाला द्यावा तर कायदा आडवा येतो, वर पापही लागतं. पोसावा तर वैरण लागते. जवळची गोशाळा म्हणाली, आमच्याकडे उभं राहायला जागा नाही. मग कमिटीतल्या चार डोक्यांनी ठरवलं, सोडून देऊ. "नेचरमध्ये," असं शुभंकर म्हणाला. शुभंकर म्हणजे ग्रुपचा कर्ताधर्ता, कोथरूडचा, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. ग्रुपवर प्रत्येक वेळी एकच ओळ जायची, गोऱ्हा गोशाळेत पाठवला. खाली जोडलेल्या हातांची रांग. कुठली गोशाळा, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं.

हयवदन त्यांच्यातला नव्हता. त्याचं घराणं चामराजपेटेतलं, साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे उतरलेलं आणि इथलंच झालेलं. कारकुनीतून निवृत्त झाल्यावर तो लेकीकडे, भार्गवीकडे, महादेवपुऱ्यात राहायला आला. कन्नड येणारा, मराठी बोलणारा, रिकामा माणूस. गोठ्याचा कारभार त्याच्या गळ्यात पडला आणि त्यालाही तो हवाच होता. "काका, तुमचं मराठी म्हणजे म्युझियममध्ये ठेवण्यासारखं," असं हसत म्हणणारी ही माणसं त्याच्याशिवाय कडब्याची एक पेंढी विकत घेऊ शकत नव्हती. गवळ्याशी तोच बोलायचा, जनावरांच्या डॉक्टरशी तोच, पंचायतीशी तोच. आयुष्यभर साहेबाच्या केबिनबाहेर फाइल धरून उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी 'काका, तुम्ही आहात म्हणून' म्हटलं की तो वाटेल ते करतो. त्याने केलं.

भार्गवीला यातलं काही माहीत नव्हतं. ऑफिसात ती सांगायची, माझा अप्पा गाई सांभाळतो. ते ऐकलं की हयवदन उगाच चष्मा पुसायचा.

तळ्यात सोडलेल्या गोऱ्ह्यांचं काय होतं ते लांडग्यांना ठाऊक होतं. पलीकडच्या टेकडीवर त्यांचं एक जोडपं होतं. धनगरांच्या मेंढ्यांमागे हिंडून जगणारी जात ती, गोठ्याच्या वाटेला सहसा जात नाही. पण आयतं, पळता न येणारं, आईविना हंबरणारं वासरू पुन्हा पुन्हा त्याच जागी मिळू लागलं तर लांडगाच काय, कुणीही चटावेल. दिवाळीच्या तोंडावर एका पहाटे मादी सरळ गोठ्यात शिरली आणि इराला घेऊन गेली. इरा म्हणजे दीड महिन्याची कालवड, ग्रुपची लाडकी, अर्ध्या कॉम्प्लेक्सच्या फोनवर जिचा फोटो होता ती.

ग्रुप पेटला. किती क्रूर, किती भयानक, आमची मुलगी रात्रभर रडली, या लांडग्यांना काही बंदोबस्त आहे की नाही. कुणीतरी लिहिलं, फॉरेस्टला कळवू. शुभंकरने लगेच हयवदनला फोन केला.

"काका, फॉरेस्टवाले आले की दहा प्रश्न विचारतील. आधीचे गोऱ्हे कुठे गेले तेही विचारतील. आपणच मॅनेज करू ना."

"कसं मॅनेज करायचं म्हणता?"

"अर्धी बॉडी बांधावर पडलीय म्हणालात ना? लांडगा परत येतो खायला. मी वाचलंय."

लांडगा मारणं गुन्हा आहे हे दोघांनाही माहीत होतं. हयवदन म्हणाला, "सरी." कन्नडात 'बरं' म्हणायला हा एक शब्द पुरतो. त्याच्या जिभेवर तो कायम तयार असे. शेतीच्या दुकानातून विषारी भुकटी त्यानेच आणली. "उंदरं फार झालीत की," असं त्याने दुकानदाराला सांगितलं. बांध त्यानेच दाखवला. शुभंकरने हातमोजे घालून इराच्या उरलेल्या पोटात भुकटी भरली, मोजे तिथेच टाकले, आणि गाडीत बसल्यावर ग्रुपवर लिहिलं, इराला न्याय मिळेल.

वसुबारसेला सगळे गोठ्यावर आले. दरवर्षी येत. सवत्स गाईची पूजा, म्हणजे गाय हवी आणि तिच्याजवळ तिचं वासरू हवं. यंदा इराला उभं करायचं ठरलं होतं. ती गेली, आणि उरला होता तो कावेरी गाईचा नुकता जन्मलेला गोऱ्हा. पूजेचं सगळं बघणाऱ्या प्रमोदिनी, नागपूरच्या, त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "चालते. वासरू ते वासरू. मागच्या वर्षीही गोऱ्हाच होता ना?"

"हो," हयवदन म्हणाला.

"तो कसा आहे हो आता? मोठा झाला असेल."

"असेल की."

या खेपेला भार्गवीही आली होती, पहिल्यांदाच. सुट्टी काढून, आईची जुनी इरकल नेसून. हयवदन सकाळपासून तिच्या मागेपुढे करत होता. गवळ्याला त्याने आधीच ताकीद दिली होती, अक्काशी फार बोलायचं नाही. ती गोऱ्ह्यापाशी उकिडवी बसली. गोऱ्ह्याने तिचा पदर चघळायला घेतला.

"अप्पा, याचं नाव काय?"

"ठेवलं नाही अजून."

"इराचं तर जन्मली त्याच दिवशी ठरलं होतं."

"ठेवतील की. घाई काय आहे?"

"गोशाळेत पाठवणार ना यालाही? मला एकदा बघायचीय ती गोशाळा. कुठे आहे?"

"लांब आहे. रस्ता बरा नाही. स्वल्प बाजूला हो, पूजा सुरू करतायत."

बायकांनी कावेरीच्या पायांवर पाणी घातलं. शिंगांना, कपाळाला हळदकुंकू लावलं. गोऱ्ह्याच्या कपाळावर प्रमोदिनींनी ठसठशीत कुंकू भरलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. आरती झाली. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी गाईपुढे ठेवली. या दिवशी बायका दूधतूप खात नाहीत, ते वासराचं म्हणून सोडायचं असतं. त्यांनी सोडलं होतं खरंच. सकाळची धार मात्र निघाली होती आणि बाटल्या भरून शीतपेटीत उभ्या होत्या, दुसऱ्या दिवसासाठी. गोऱ्हा दोराने खांबाला बांधलेला होता. आईच्या कासेपर्यंत तो दोर पुरत नव्हता.

फोटो चालले होते तेव्हा फाटकापाशी बीरप्पा येऊन उभा राहिला. खांद्यावर कांबळं, हातात काठी. त्याचा मेंढ्यांचा कळप टेकडीच्या पायथ्याला बसत असे. हयवदनला तो तोंडओळखीने माहीत होता. त्याला बघताच हयवदन जवळजवळ धावला. फाटकातूनच वाटेला लावायचं म्हणून.

"काय पाहिजे? आज आमचा सण आहे," तो कन्नडात म्हणाला.

"माहीत आहे. म्हणूनच आलो. सगळे भेटतील."

"काका, कोण आहे?" प्रमोदिनींनी मागून हाक मारली. "धनगर आहे का? अहो येऊ द्या ना त्यांना. सणाच्या दिवशी दारातून परत पाठवू नये. चहा द्या. एक फोटोही घेऊ."

बीरप्पा आत आला. चपला त्याने फाटकाशी काढल्या. गोऱ्ह्यासमोर गेला, कपाळावरचं कुंकू बघितलं आणि हात जोडले. गाईला नाही, गोऱ्ह्याला. हयवदनने ते पाहिलं आणि गवळ्याला चहाची खूण केली. गवळ्याने चहा आणून दिला. बीरप्पाने एक घोट घेतला आणि सगळ्यांकडे फिरून बघत बोलायला लागला. अदबीने, हळूहळू, जसं मयताच्या घरी बोलतात तसं.

"अण्णा, तुमचा तोळ गेला. मादी. बाभळीखाली पडलीय, तोंडाला फेस आहे. माझं कुत्रंही तिथेच गेलं. कुणीतरी औषध घातलंय. नर दोन रात्री टेकडीवरून ओरडतोय, माझ्या मेंढ्या चरायला तयार नाहीत."

'तोळ' म्हणजे लांडगा, एवढं कन्नड शुभंकरला येत होतं. "काय म्हणतोय? लांडगा?"

"मेला म्हणतो," हयवदन म्हणाला. "लांडगा मेला."

"येस." शुभंकरने मूठ वर केली. दोघांतिघांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी 'इरासाठी' म्हणालं आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. ज्यांना विषाचं काही ठाऊक नव्हतं त्यांनीही.

बीरप्पा चहाचा कप धरून बघत राहिला. "टाळ्या कशाला?"

"सण आहे," हयवदन म्हणाला. "सणाला वाजवतात."

भार्गवीने बापाकडे बघितलं. चामराजपेटेत वाढलेली पोरगी, कन्नड तिचं बापापेक्षा चांगलं.

बीरप्पाने मान हलवली. शहरातल्या लोकांच्या रीती त्याला तपासायच्या नव्हत्या. तो त्याच्या कामाला आला होता.

"आमच्यात रीत आहे," तो म्हणाला. "तोळाला ज्याने जेवायला वाढलं त्याने माती द्यायची. त्याने मेंढी उचलली तर आम्ही ओरडत नाही, त्याचा वाटा धरतो. पण मेंढी तो उचलतो, आम्ही देत नाही. वासरू आपल्या हाताने नेऊन द्यायला छाती लागते. तुम्ही तळ्यात किती वाढलंत त्याला. मागच्या सणानंतर तर कपाळाला कुंकू, गळ्यात माळ, असं पूजा करून वाढलंत. मी स्वतः बघितलं, माळ बाजूला पडली होती. घरी जाऊन बायकोला म्हणालो, शहरातले आहेत पण जाणतात. कुठलं तरी मोठं हरके असणार यांचं." हरके म्हणजे नवस. "मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही तिला. खड्डा खणून ठेवलाय. तुमच्यातल्या कुणी येऊन मूठभर माती टाका. अंधाराआधी."

सगळे हयवदनकडे बघत होते. तोंडावर हसू होतं त्यांच्या, फोटोसाठी आणलेलं.

"काय म्हणून राहिले ते?" प्रमोदिनींनी विचारलं.

"त्याचं कुत्रं मेलंय," हयवदन म्हणाला. "दुःख झालंय म्हणतो. सणाच्या शुभेच्छा देतो."

"अरे रे. सो स्वीट."

"अप्पा," भार्गवी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "पूर्ण सांग."

"सांगितलं की."

"तळ्यातले गोऱ्हे कुठले? कुंकू लावलेला कुठला?"

"घरी बोलू, पुट्टी."

"घरी नाही. तू सांगणार नसलास तर मी सांगते. पण तू सांग."

माणसाला मरावंसं वाटतं म्हणतात ते उगाच म्हणतात. हयवदनला मरावंसं वाटलं नाही. त्याला वाटलं, फाइल कुठेतरी असती हातात, तर तोंडासमोर धरली असती. रिकाम्या हातांनी उभं राहून त्याने सगळं मराठीत सांगितलं. खाली बघत, आपल्या त्या म्युझियममधल्या मराठीत, एकेक वाक्य. वाढलंत म्हणतो. कुंकू लावून वाढलंत म्हणतो. नवस होता समजतो आपला. माती द्यायला बोलावतो.

एका बाईंनी आपल्या मुलीला उचललं आणि गाड्यांच्या दिशेने नेलं. कावेरीने शेण टाकलं, त्याचा आवाज तेवढा झाला. प्रमोदिनी गोऱ्ह्याच्या कपाळाकडे बघत होत्या, आपणच भरलेल्या कुंकवाकडे. मग त्यांचा चेहरा सावरला. त्यांना वाट सापडली होती.

"मग सांगा ना त्यांना. हो म्हणावं. नवसच होता."

"एक्झॅक्टली," शुभंकर म्हणाला. "त्याच्या श्रद्धेला धक्का कशाला द्यायचा? काका, तुम्ही जा एक मिनिट त्याच्याबरोबर, माती टाका, विषय संपवा. कुत्र्याचं बघू आपण काहीतरी."

हयवदनच्या जिभेवर 'सरी' आलं होतं. सोपं होतं. बीरप्पा वाट बघत उभा होता, त्याच्या तोंडावर शंकेची रेषा नव्हती. या माणसाच्या लेखी ही सगळी मंडळी लांडग्याला जेवू घालणारी पुण्यवान माणसं होती, आणि ते तसंच राहू देणं एका शब्दाचं काम होतं. भार्गवी बघत होती. लहानपणी ती शाळेच्या नाटकात बोलणार असली की हा पहिल्या रांगेत बसून ओठ हलवायचा. तशी ती आता बघत होती, फक्त तिचे ओठ मिटलेले होते.

"नवस नव्हता," हयवदन कन्नडात म्हणाला.

"काय?"

"नवस नव्हता. गोऱ्हे दूध देत नाहीत. म्हणून टाकले."

बीरप्पाने कपाळाला आठी घातली. "मग कुंकू?"

"पूजा झाली होती. पुसायचं राहिलं."

"पूजा केलीत आणि टाकलात?"

"हो."

"आणि औषध?"

"आम्हीच घातलं. मी विकत आणलं."

बीरप्पाने मराठी माणसांच्या त्या घोळक्याकडे पुन्हा एकदा बघितलं. साड्या, फेटे, फोन. आपण कुणाच्या घरी आलोय याचा हिशोब त्याला लागत नव्हता. हातातल्या कपात चहा अर्धा होता. तो त्याने खाली वाकून भिंतीशी ठेवला, सांडू न देता.

"कुत्रं चांगलं होतं माझं," तो म्हणाला. आणि जाता जाता, फाटकाशी चपला घालताना, "मातीला येऊ नका."

मोठी माणसं लाजेत फार वेळ राहत नाहीत, त्यांना कामं असतात. ताटं पुसली गेली, सतरंज्या झटकल्या गेल्या. काही बायका हयवदनला टाळून गाड्यांत बसल्या. एकजण म्हणाली, आम्हाला खरंच माहीत नव्हतं हो काका, आणि उत्तराची वाट न बघता काच वर केली. शुभंकर मागे रेंगाळला. त्याने हयवदनच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्ही थोडं इमोशनल झालात. ठीक आहे, होतं. तो फॉरेस्टकडे जाणार नाही ना? नाही जाणार. धनगरांनाही फॉरेस्टवाले त्रास देतात. एक प्रॅक्टिकल गोष्ट फक्त. पुढच्या वेळी सोडताना कुंकू तेवढं पुसून घ्या."

"सरी," हयवदन म्हणाला.

शब्द निघून गेला होता. सवयीने, न विचारता, जसा आयुष्यभर गेला तसाच. शुभंकर खांदा थोपटून गाडीकडे गेला. हयवदन वळला तेव्हा भार्गवी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने ऐकलं होतं.

"सरी म्हणालास तू."

"तोंडातून गेलं, पुट्टी."

"मगाशी त्या माणसाला खरं सांगितलंस तेव्हा मला वाटलं..." तिने वाक्य पुरं केलं नाही. "किल्ली दे. मी गाडीत बसते."

त्याने किल्ली दिली. त्याला तिच्यामागे जायचं होतं आणि जायचं नव्हतं. सूर्य टेकडीच्या आड चालला होता. गवळी संध्याकाळच्या धारेसाठी बादली घेऊन आला, तेव्हा हयवदन गोऱ्ह्यापाशी बसलेला होता आणि गोऱ्हा त्याची दोन बोटं चोखत होता. मुकाट, डोळे अर्धे मिटून. अशीच प्रत्येकाने चोखली होती. कितींनी, हे तो मनात मोजायला लागला आणि थांबला.

त्याने बोटं काढून घेतली. गोऱ्हा हंबरला. हयवदनने खांबाचा दोर सोडला.

"अण्णा, धार काढायचीय," गवळी म्हणाला.

"आज नाही."

"उद्याच्या बाटल्या कमी पडतील."

"पडू देत."

गोऱ्हा अडखळत कावेरीपाशी गेला, दोनदा चुकला, मग त्याला आचळ सापडलं. पिताना तो कासेला डोक्याने ढुशा देत होता, भुकेली वासरं देतात तशा. प्रत्येक ढुशीला कपाळावरचं कुंकू कासेला लागत होतं. पांढऱ्या कासेवर लाल फराटे उठले. त्याच्या कपाळावर आता जेमतेम एक डाग उरला होता.

भार्गवी गाडीत बसली नव्हती. ती गोठ्याच्या दाराशी उभी होती, किती वेळची ते कळलं नाही.

"आणि उद्या?" तिने विचारलं.

टेकडीवर नर ओरडायला लागला. हयवदनने बोटं विजारीला पुसली. पुन्हा सरी म्हणायची आता त्याची छाती नव्हती.